मागच्या अंगणात कॉर्नहोल : बोर्ड विकत घ्यावेत की घरी करावेत?

मेसनवासी

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोतल्या सिनसिनाटीच्या उत्तरेला, मेसनमध्ये राहतो. थंडी सरली की आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे घरांच्या वसाहतीत, संध्याकाळी धप् धप् सुरू होतं. कुणाच्या तरी ड्राइव्हवेवर दोन उतरते बोर्ड समोरासमोर मांडलेले असतात आणि चौघं जण त्यांच्या भोकांवर नेम धरून दाणे भरलेल्या लहान कापडी बॅगा टाकत असतात, हाच तो कॉर्नहोल. इथे नवीन आलो तेव्हा कॉर्नहोल म्हटलं की बेंगल्स या इथल्या फुटबॉल संघाच्या मॅचआधी स्टेडियमच्या पार्किंग लॉटमधली गर्दी डोळ्यांसमोर यायची. आता ऑफिसच्या पिकनिकला कॉर्नहोल आहे, लग्नाच्या रिसेप्शनला आहे, ब्रुअरीच्या अंगणात आहे, चर्चच्या फेस्टिव्हलला तर आहेच. परवा मुलाच्या मित्राच्या वाढदिवसाला गेलो होतो. केक कापायला हाका मारल्या तरी मोठी माणसं हलेनात, डाव रंगात आला होता.

आता आमच्याही बॅकयार्डमध्ये लावायचा विचार आहे. त्याला कारण आहे. जूनमध्ये सासू-सासरे बार्शीहून येताहेत, दिवाळीच्या आधी परत जातील. मागच्या खेपेला बाबांचा सगळा उन्हाळा टीव्ही आणि फुटपाथवरच्या फेऱ्या यांतच गेला. शेजारी त्यांच्याच वयाचे एक रिटायर्ड गृहस्थ राहतात, फार चांगला माणूस. दोघांनाही बोलायची इच्छा दिसायची, पण दोन वाक्यांनंतर इंग्रजी आडवं यायचं. बाबा तरुणपणी खो-खो खेळलेले आहेत, त्यांना नुसतं बसून राहणं मानवत नाही.

तर विचारायचं असं, की बोर्ड विकत घ्यावेत की घरी करावेत? नवऱ्याकडे ड्रिल आहे, जिगसॉ आहे आणि उत्साहही आहे. बॅगा मक्याच्या बऱ्या की प्लॅस्टिकच्या? सत्तरीच्या माणसांना खांद्याचा त्रास होईल का? शिवाय मंडळाची समर पिकनिक जुलैत आहे आणि तिथे स्पर्धा घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. नियम मला निम्मेच कळलेत. गुण सांगताना सगळे पटकन वजाबाकी करतात ती काय असते?

सुतारपक्षी

ताई, घरीच करा. घरात जिगसॉ आणि ती चालवणारा माणूस असेल तर एका शनिवार-रविवारचं काम आहे.

मी शहराच्या वेस्ट साइडला, डेलहाय टाउनशिपमध्ये राहतो. हा खेळ वाढला तो इथल्या आणि नदीपलीकडच्या केंटकीतल्या गल्ल्यांमधून. इथे जिथे पॅरिश, म्हणजे चर्चचा विभाग, तिथे उन्हाळी फेस्टिव्हल, आणि फेस्टिव्हल तिथे कॉर्नहोल. आमच्या समोरच्या घरातले बोर्ड मालकाच्या वडिलांनी केलेले आहेत. रंगाचे इतके थर चढलेत की मूळ लाकूड दिसत नाही, पण सांधा एकही हललेला नाही. या खेळाला कुठल्या कंपनीने जन्म दिलेला नाही. ज्याच्या गराजमध्ये करवत होती त्याने बोर्ड केले, ते पाहून त्याच्या मेव्हण्याने केले, आणि मेव्हणा नोकरीनिमित्त दुसऱ्या राज्यात गेला तेव्हा सामानाच्या ट्रकमधून बोर्डही गेले. म्हणून मला मनापासून वाटतं, घरातला बोर्डांचा पहिला जोड हातचा असावा.

इतिहासाबद्दल लोक तुम्हाला जर्मनीतल्या बव्हेरियाच्या सुताराची नाहीतर केंटकीतल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगतील. दोन्ही गोष्टींना आधार नाही. कागदावर सापडतं ते वेगळंच. १८८३ साली हायलिगर डी विंट याने ‘पार्लर क्वॉइट्स’ नावाच्या खेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात फळी उतरती होती, बॅगा होत्या, फक्त भोक चौकोनी होतं. मग सप्टेंबर १९७४ च्या ‘पॉप्युलर मेकॅनिक्स’ मासिकात अशाच एका खेळाचे बोर्ड घरी कसे करायचे ते छापून आलं. त्यांची फळी आजच्यापेक्षा एक फूट आखूड होती, भोक मात्र आजच्यासारखंच ६ इंचांचं. घरी करण्याची परंपरा इतकी जुनी आहे.

आता मापं. यात हयगय नको. बोर्ड ४ फूट लांब, २ फूट रुंद. भोक ६ इंच व्यासाचं, त्याचा मध्य वरच्या कडेपासून ९ इंचांवर आणि दोन्ही बाजूंपासून १२ इंचांवर. मागची कड जमिनीपासून १२ इंच उंच, पुढची ३ ते ४ इंच. टू-बाय-फोरची, म्हणजे नावाला २ बाय ४ इंचांची, लाकडी पट्टी उभी धरली की ती प्रत्यक्षात साडेतीन इंच भरते. तिच्यावर अर्ध्या इंचाचं प्लाय ठेवलं की झाले बरोबर ४ इंच. वेगळं काही तासायला लागत नाही.

दोन्ही बोर्डांना मिळून ८ फुटी चार पट्ट्या पुरतात. प्रत्येक बोर्डाला ४८ इंची दोन, त्यांच्यामध्ये बसणाऱ्या २१ इंची दोन, आणि पायांसाठी फूटभराचे दोन तुकडे. उरलेल्या लाकडातून आणखी एक २१ इंची आडवी पट्टी निघते. ती बोर्डाच्या बरोबर मध्ये, प्लायच्या खाली लावा. ही पट्टी बरेच जण गाळतात आणि मग बॅग पडली की चेंडूसारखी उसळते. दुकानातल्या स्वस्त जोडांचं दुखणं तेच. पैशांची फार बचत होईल असं मी म्हणणार नाही, लाकूड महाग झालंय. पण त्याच पैशांत भक्कम बोर्ड मिळतो. प्लाय २ बाय ४ फुटांत कापलेलंच घ्या, म्हणजे गाडीत सहज मावतं.

भोक कापताना मध्यावर खिळा ठोका, त्याला दोरा आणि दोऱ्याच्या टोकाला ३ इंचांवर पेन्सिल बांधून वर्तुळ काढा. आतल्या बाजूला ड्रिलने एक भोक पाडा, जिगसॉचं बारीक दातांचं पातं त्यात घाला आणि रेघेच्या किंचित आतून सावकाश फिरवा. उरलेलं पॉलिश पेपरने घासून रेघेपर्यंत आणा. कडेचा काटकोन मोडून ती गोलसर करा. मग डोळे मिटून कडेवरून बोट फिरवा. जिथे टोचेल तिथेच पुढे बॅग फाटणार आहे. पायांना ३/८ इंची कॅरेज बोल्ट वापरा, म्हणजे घडी घालता येते, आणि पायाचं वरचं टोक गोल कापा, नाहीतर उघडझाप करताना ते प्लायला अडतं. पाय खाली तिरके कापायचे असतात. आधी बोर्ड १२ इंचांवर टेकवून धरा, पायावर जमिनीला समांतर रेघ मारा आणि मग कापा.

स्क्रूची डोकी आत दाबून वर लांबी (पुट्टी) भरा. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. प्रायमर, रंगाचे दोन हात आणि वरून पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात. दोन हातांच्या मध्ये हलकं घासायला विसरू नका. सगळी गुळगुळीत घसरण त्यातूनच येते.

वजाबाकीचं असं आहे : बॅग बोर्डावर राहिली तर १ गुण, भोकात गेली तर ३. एका फेरीत दोघंही चार-चार बॅगा टाकतात, आळीपाळीने. समजा तुमची एक भोकात आणि दोन बोर्डावर, म्हणजे ५. समोरच्याची एक भोकात, एक बोर्डावर, म्हणजे ४. गुणफलकावर तुमचा फक्त १ चढतो, त्याचा काहीच नाही. ज्याला गुण मिळाला तो पुढच्या फेरीत आधी टाकतो. २१ ला डाव संपतो. जमिनीला टेकून बोर्डावर चढलेली बॅग लगेच उचलायची, ती धरत नाहीत. काही घरांत २१ च्या वर गेलं की गुण मागे नेतात, पण तो घरचा नियम आहे. मंडळात तो आणू नका, डाव संपता संपत नाही.

एअरमेल_मन्या

बोर्डांबाबत सुतारपक्षींशी सहमत. बॅगांबद्दल त्यांनी अजून लिहिलेलं नाही, पण मका सुचवणार असतील तर माझा आधीच विरोध नोंदवतो.

मी इंडियानापोलिसला असतो, गुरुवारी संध्याकाळी लीग खेळतो. मक्याच्या बॅगा दमट हवेत ओल धरतात, फुगतात, जड होतात. पावसात भिजल्या तर दाण्यांना मोड येतात. गराजमध्ये ठेवल्या तर उंदीर कुरतडतात. रेझिनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, गोळ्या भरलेल्या बॅगा धुता येतात आणि वर्षभर वजन तेच राहतं. चांगल्या बॅगेची एक बाजू गुळगुळीत, घसरणारी, आणि दुसरी खरखरीत, थांबणारी असते. कुठली बाजू खाली पडू द्यायची हा निर्णय प्रत्येक फेकीला घ्यायचा. अर्धा खेळ त्यात आहे.

फेक खालून करायची. बॅगेच्या घड्या नीट करून अंगठा वर, बोटं खाली. उजव्या हाताने टाकत असाल तर डावा पाय पुढे. सोडताना मनगटाला हलका झोका द्या, म्हणजे बॅग ताटासारखी सपाट फिरत जाते. ती कोलांट्या खात गेली तर कुठे उडी मारेल सांगता येत नाही. बोर्डाच्या पुढच्या भागात उतरवा आणि घसरत भोकात जाऊ द्या. समोरच्याने भोकासमोर बॅग अडवून ठेवली असेल तर मात्र वरून थेट भोकात टाकावी लागते. त्याला एअरमेल म्हणतात. माझा जीव त्या फेकीवर आहे, नावातच आलंय.

आणि खेळ वाढला तो टीव्हीमुळे हेही मान्य करा. अमेरिकन कॉर्नहोल लीग २०१५ साली निघाली, २०१७ पासून ईएसपीएनवर दिसायला लागली. २०२० च्या महासाथीत बाकीचे खेळ बंद असताना लोकांनी घरी बसून कॉर्नहोल पाहिलं. २०२२ च्या साउथ कॅरोलायनातल्या जागतिक स्पर्धेत दोन जोड्यांच्या बॅगांवरून वाद झाला, तपासणीत दोन्हीकडच्या बॅगा नियमात बसल्या नाहीत, आणि त्याची बातमी देशभर झाली. एखाद्या खेळातल्या बॅगेच्या मापावर देश चर्चा करतो म्हणजे तो खेळ आता अंगणापुरता राहिलेला नाही.

नेपरव्हिलकर

आमच्याकडे शिकागोच्या बाजूला याला नुसतं ‘बॅग्ज’ म्हणतात. शेजाऱ्याला कॉर्नहोल म्हटलं तर कळतं, पण तुम्ही बाहेरगावचे हेही कळतं.

आवाजाचं आधी बघा, मेसनवासी. पोकळ बोर्ड ढोलासारखा वाजतो. आम्ही डेकवर मांडला होता, डेकच्या फळ्या आणखी घुमतात. रात्री साडेनऊला खेळत होतो आणि चार दिवसांत घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र आलं. आता गवतावरच मांडतो आणि बोर्डाच्या आतल्या बाजूला जुन्या योगा मॅटचे तुकडे चिकटवलेत, आवाज निम्म्यावर आला. मधली आडवी पट्टी यासाठीही हवीच.

दिशा उत्तर-दक्षिण ठेवा. पूर्व-पश्चिम मांडलं की संध्याकाळी एका बाजूच्या माणसाच्या डोळ्यांत सरळ ऊन येतं. जागा साधारण ४० ते ४५ फूट लांब लागेल : मध्ये २७ फूट, दोन बोर्डांचे ८ फूट, आणि मागे पडलेल्या बॅगांसाठी थोडी मोकळीक.

सांगलीचे_सर

मी शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक होतो, आता निवृत्त. मुलगी इंडियानात फिशर्सला असते, तिच्याकडे राहून हा खेळ पुष्कळ खेळलो. तेव्हा खांद्याच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो.

खालून फेकण्यात हात खांद्याच्या वर जात नाही. घड्याळाच्या लंबकाप्रमाणे मागून पुढे येतो. ज्यांचा खांदा आखडलेला आहे त्यांनाही हे बहुधा जमतं, मात्र त्यांनी सुरुवातीला पाच मिनिटं रिकामा हात झुलवावा. बॅगेचं वजन अर्ध्या किलोपेक्षा कमीच असतं. खरा त्रास खांद्याला नाही, कंबरेला आणि गुडघ्यांना होतो. प्रत्येक फेरीनंतर चार बॅगा उचलायच्या, त्यातल्या गवतात पडलेल्या वाकून. संध्याकाळभरात किती वेळा वाकणं झालं ते खेळण्याच्या भरात कळत नाही आणि सकाळी उठताना कळतं. आमच्याकडे नात बॅगा गोळा करून एका स्टुलावर रचून ठेवायची. ज्येष्ठांच्या बाजूला कंबरेइतक्या उंचीचं स्टूल ठेवाच.

अंतराबद्दलही सांगतो. मोठ्यांसाठी २७ फूट, मुलांसाठी २१ फूट असा नियम आहे. तुमच्या सासूबाईंना सुरुवातीला २१ फुटांवरून खेळू द्या. बोर्ड हलवायची गरज नाही, त्या ६ फूट पुढे येऊन उभ्या राहतील. पण त्यांची बॅग बोर्डावर टिकू लागली की हळूहळू मागे जायला सांगा. सोपं करून ठेवलं तर माणसं चार दिवसांत कंटाळतात, वय कितीही असो. साडी असेल तर पाय पुढे टाकायला निऱ्यांचा अडथळा होतो. माझी पत्नी दोन्ही पाय जोडून, एका जागी उभी राहून टाकायची आणि तिचा नेम माझ्यापेक्षा चांगला होता.

उंच टाकायची की सपाट, हा प्रश्न येईल. वयस्कर माणूस आपोआप उंच टाकतो, कारण जोर कमी पडेल अशी भीती असते. उंचावरून आलेली बॅग बोर्डावर आपटून तिथेच बसते. ते वाईट नाही. एक गुण हातात राहतो.

सुतारपक्षी

सर, स्टुलाची सूचना फार मोलाची. आमच्या जोडालाही लावतो.

मन्याभाऊ, बॅगांचं तुम्ही म्हणता ते लीगसाठी शंभर टक्के खरं. पण ताईंच्या घरी सत्तरीची दोन माणसं आणि शाळकरी मुलगा खेळणार आहेत. नवखा हात गुळगुळीत रेझिनची बॅग टाकतो आणि ती बोर्डावरून सुळकन मागे निघून जाते, चार टाकल्या तर चारही. जाड डक कापडाची, मका भरलेली बॅग पडली तिथे बसते. नवख्याला बोर्डावर बॅग दिसली पाहिजे, तरच तो उद्या परत येईल. लीगच्या बॅगा सप्टेंबरमध्ये घ्या.

शिवायचं असेल तर कापड ७ इंच चौरस कापा, प्रत्येक बाजूला अर्धा इंच शिवणीत जाऊन ६ इंच उरतं. चारही बाजूंना दुहेरी टीप, कोपऱ्यांवर उलटी-सुलटी टीप. मका शेतीसामानाच्या दुकानातला, अख्खा, भरडलेला नको. भरड्याचा भुगा कापडातून बाहेर येतो आणि बोर्ड निसरडा होतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरलेली बॅग ४४० ते ४५४ ग्रॅममध्ये बसवा आणि आठही बॅगा एकमेकींशी जुळवा. माझ्या आईने इथे आली असताना आमच्या बॅगा शिवल्या. पहिल्या बॅगेचं तोंड शिवायच्या आधी तिने ती दोन्ही हातांत धरून हलवली, दाणे कोपऱ्यात सरकू दिले, पुन्हा हलवली आणि मूठभर काढून टाकले. म्हणाली, गच्च भरलीस तर ती दगड होईल. काट्यावर ठेवली तर वजन बरोबर. खेळून झालं की झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायच्या, बस. उंदीर नाहीत, ओल नाही.

टीव्हीबद्दल मात्र मी मान्य करणार नाही. टीव्हीने खेळ दाखवला, पसरवला नाही. मिलफर्डला, म्हणजे आमच्या शहराच्या पूर्वेला, अमेरिकन कॉर्नहोल ऑर्गनायझेशन २००५ साली स्थापन झाली. नदीपलीकडच्या अलेक्झांड्रियाचा मॅट गाय स्पर्धांमागून स्पर्धा जिंकत होता तेव्हा कॅमेरे कुठे होते? त्याच्याही आधीपासून लोक गराजसमोर खेळतच होते.

माझ्या मते हा खेळ पसरला तो माणसं जशी उभी राहतात त्यामुळे. जोडीने खेळताना तुमचा जोडीदार समोरच्या बोर्डाजवळ, २७ फुटांवर असतो. तुमच्या शेजारी, हाताच्या अंतरावर उभा असतो तो प्रतिस्पर्धी. अख्खा डाव तुम्ही त्याच्या सोबत काढता. त्याची बॅग पडते, मग तुमची, मग त्याची. मध्ये भरपूर रिकामा वेळ, पण काय बोलू असा प्रश्न पडत नाही, कारण समोर बोर्डावर बोलायचा विषय पडलेला असतो. भोकाच्या काठावर लटकलेली बॅग बघून दोन माणसं एकाच वेळी ‘अरेरे’ करतात, त्याला भाषा लागत नाही. आमच्या गल्लीत मी कुणाशी ओळख करून घ्यायला गेलो नाही. बोर्डाजवळ उभा राहिलो. शेजारच्या माणसाची बायको आजारी आहे हे मला तिथे कळलं, माझी नोकरी गेली हे त्याला तिथे कळलं. समोरासमोर खुर्च्या टाकून बसलो असतो तर दोघंही बोललो नसतो.

म्हणून ताई, माझं एक ऐका. बाबांना त्या शेजारच्या आजोबांचा जोडीदार करू नका. विरुद्ध जोडीत घ्या. म्हणजे ते दोघं एकाच बोर्डाजवळ उभे राहतील. त्यांच्यासमोर तुमचा मुलगा आणि सासूबाई. आणि गुण मोजायचं काम बाबांकडे द्या. इंग्रजी आकडे त्यांना येतच असणार, आणि फेरीअखेर शेजाऱ्याला विचारून गुण पक्के करावेच लागतात.

मेसनवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. विरुद्ध बाजूला घ्यायचं मला सुचलंच नसतं, मी नेमकं उलटं करणार होते. नवरा आजच प्लाय आणायला निघालाय. बॅगा मी शिवते, मशीन आहे.

दोन प्रश्न राहिले. पिकनिकला साधारण ३२ जण खेळतील, बोर्डांचे दोन जोड मिळतील आणि जेवण एकला आहे. कसं बसवू? आणि आमच्या बॅकयार्डला उतार आहे, घरापासून मागच्या कुंपणाकडे. बोर्ड कसे मांडू?

नेपरव्हिलकर

पिकनिकचं मी सांगतो, आमच्या मंडळात दोन-तीन वर्षं मीच बघतोय. जोड्या लोकांना आपल्या आपण करू देऊ नका. नवरा-बायको, मित्र-मित्र असे अड्डे होतात आणि दोन तरबेज माणसं एकत्र येऊन सगळ्यांना झोपवतात. इथल्या स्पर्धांत ‘ब्लाइंड ड्रॉ’ असतो तसा करा, चिठ्ठ्या टाका. आम्ही दोन डबे ठेवतो, एकात मुलं आणि ज्येष्ठ, दुसऱ्यात बाकीचे. दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढली की जोडी झाली.

३२ जण म्हणजे १६ जोड्या, म्हणजे बाद पद्धतीने १५ डाव. २१ चा डाव साध्या खेळाडूंना १५ ते २० मिनिटं घेतो. दोन जोडांवर आठ पाळ्या होतील, म्हणजे दोन ते पावणेतीन तास. एकच्या आत बसवायचं तर दहाला सुरू करावं लागेल, आणि आपली माणसं दहाला येत नाहीत. म्हणून पहिल्या दोन फेऱ्या ११ गुणांच्या घ्या, उपांत्य आणि अंतिम २१ च्या. आणखी एक जोड कुणाकडून मिळाला तर तो स्पर्धेत घेऊ नका, हरलेल्यांसाठी बाजूला मांडा. पहिल्याच डावात बाद झालेली मुलं रुसून बसतात, त्यांना लगेच खेळायला मिळालं पाहिजे. दोन जोडांमध्ये १०-१२ फूट अंतर ठेवा, मध्ये लहान मुलं धावतात.

सुतारपक्षी

उताराचं सोपं आहे. उताराच्या दिशेने मांडू नका, आडवं मांडा, म्हणजे दोन्ही बोर्ड एकाच उंचीवर येतील. एक बोर्ड वर आणि एक खाली झाला तर प्रत्येक टोकाच्या माणसाला वेगळा खेळ खेळावा लागतो आणि बाजू बदलली की हात चुकतो. नेपरव्हिलकरांनी सांगितलेली उत्तर-दक्षिण दिशा त्यात जुळली तर उत्तमच. नाही जुळली तर सपाटीला आधी मान द्या, उन्हाला टोपी आहे.

आडवं मांडल्यावरही बोर्डाची एक बाजू खाली झुकेल. तिकडच्या पायाखाली आणि पुढच्या कोपऱ्याखाली प्लायचे उरलेले तुकडे सरकवा. बोर्डावर आडवा लेव्हल ठेवून बुडबुडा मध्ये येईपर्यंत बघा. एकदा जागा ठरली की चारही कोपऱ्यांशी जमिनीलगत लहान खुंट्या ठोका, गवत कापताना दिसाव्यात म्हणून त्यांना रंग द्या. मग रोज टेप घेऊन २७ फूट मोजायला नको. टेप पुढच्या कडेपासून पुढच्या कडेपर्यंत धरायची, भोकापासून भोकापर्यंत नाही. बोर्डाशेजारी, पुढच्या कडेला पाय लावून उभ्या राहिलेल्या माणसापासून समोरचं भोक प्रत्यक्षात सव्वातीस फूट पडतं. बाबांची पहिली बॅग आखूड पडली तर त्यांना एवढं सांगा.

पॉलियुरेथेनचा शेवटचा हात दिल्यावर दोन-तीन दिवस तरी बोर्ड गराजमध्ये सावलीत राहू द्या. वरून कोरडा वाटला तरी आतून ओला असतो, आणि पहिल्याच बॅगेचं कापड त्याला चिकटून डाग पडतो.